धोंड्याच्या महिन्यातलं साल

माझा नातू पुण्याला भाषा शिकतो. शिकतो म्हणजे जगभरच्या भाषांतले शब्द गोळा करतो, आणि सुट्टीत घरी आला की माझ्यापुढे ओततो. मागच्या खेपेला त्यानं 'साल' हा शब्द आणला होता.

"आजी, दोन अक्षरांचा शब्द, पण बघ किती घरी नांदतो," तो म्हणाला. आपल्या मराठीत झाडाची साल, केळ्याची साल. तीच साल फारसीतून आली की वर्ष. रानात गेली की सालवृक्ष. पोर्तुगीज माणसाच्या जेवणात 'साल' म्हणजे मीठ, तुर्कांच्या नदीवर 'साल' म्हणजे तराफा, जर्मनांच्या घरात मोठं दालन, आणि कानडी माणसाच्या डोक्यावर 'साल' म्हणजे कर्ज. यातल्या बऱ्याच शब्दांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, नुसता आवाज सारखा. त्याला या गोष्टीची फार मौज वाटत होती. "तुला कुठला अर्थ आवडतो?" असं त्यानं मला विचारलं.

मी म्हटलं, मला एकही आवडत नाही. तो शब्द कानावर आला की माझं डोकं अजून फिरतं. पोरगं बिचारं वही मिटून बसलं. त्याचा काही दोष नव्हता, म्हणून हे लिहायला बसले. त्याच्या वहीत हा अर्थ नव्हता.

माझं माहेर तापीकाठचं, प्रकाशा तीर्थाजवळच्या एका गावातलं. काळी कसदार जमीन, विहीर, चार बैलजोड्या. वडलांना आम्ही आबा म्हणायचो. आबांच्या हाताखाली एक सालदार होता. सालदार म्हणजे सालाच्या बोलीवर राहिलेला गडी. आमच्या खानदेशात हे साल आखाजीला धरतात आणि पुढच्या आखाजीला सोडतात. आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया, वैशाखातल्या उजळ पाखातली तीज. त्या दिवशी सालदाराला पुरणाचं जेवण, नवं पागोटं आणि सालाची राहिलेली दादर मिळते. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. मग तो मोकळा. वाटलं तर नवं साल धरील, नाहीतर आपल्या घरी जाईल.

आखाजी हा आम्हा लेकीबाळींचाही मोकळं व्हायचा दिवस. सासरहून माहेरी यायचं, निंबाला झोका बांधायचा, गाणी म्हणायची. मला नंदुरबारला दिलं होतं. मला आणायला गाडी जुंपून दर आखाजीच्या आधी हाच सालदार यायचा. लेकीला आणायला मामानं यावं तसा यायचा, म्हणून मी त्याला मामाच म्हणायची. तो डोंगराकडचा भिल्ल होता, शहाद्याच्याही वर दिवसभराच्या वाटेवर त्याचं गाव. आमच्याशी अहिराणी बोलायचा, बैलांशी त्याच्या घरची बोली बोलायचा. बैलांना ती जास्त कळायची.

ज्या सालाची ही गोष्ट, त्या साली वैशाख दोन होते. पहिला अधिक, दुसरा निज. अधिक महिन्याला आमच्याकडे धोंडा म्हणतात. धोंड्यात लेक-जावयाला बोलवायचं, जावयाला मांडे-पुरण खाऊ घालायचं, तेहेतीस अनारसे तबकात घालून दान द्यायचे, पुण्य लावून घ्यायचं. त्यामुळे मी त्या साली आखाजीच्या महिनाभर आधीच माहेरी गेले, नवऱ्याला घेऊन. माझा नवरा कचेरीत कारकून. त्याला रजा मिळाली, कारण इंग्रज साहेबालाही जावयाचे लाड ऐकून हसू आलं होतं म्हणे.

गेले त्या दिवशीच आईकडून कळलं की मामाच्या मुलीचं लग्न ठरलंय. होळीला डोंगरात सगळी माणसं जमतात, तेव्हाच ठरलं. दिवस कसा धरला, तर होळीनंतरची दुसरी उजळ तीज. दर साली आखाजी तेव्हाच येते. आखाजीला बापाचं साल सरेल, बाप घरी येईल, त्याच संध्याकाळी लग्न. त्यांच्यात मुलीच्या बापानं मोहाच्या दारूची पहिली धार भुईवर पाडायची असते, वाडवडलांच्या नावानं. ती धार पडल्याशिवाय कुणी पेला उचलत नाही, आणि बाप जिवंत असून आला नाही तर वरपक्ष अपमान समजून उठून जातो. मामाला ही एकच मुलगी. आईविना वाढवलेली.

होळीहून परत आल्यावर मामानं हे सगळं आबांना सांगितलं होतं. आबा म्हणाले होते, "आखाजीले जा."

आबांना ठाऊक होतं. त्यांच्या कोनाड्यात पंचांग होतं. धोंडा कधी येणार, जावयाला कधी बोलवायचं, अनारशाचे तांदूळ कधी भिजत घालायचे, हे सगळं त्यांनी जोशांना बोलावून होळीच्या आधीच ठरवलं होतं. मामानं दुसरी तीज म्हटलं तेव्हाच सांगायला हवं होतं की बाबा रे, या साली दुसरी तीज ती आखाजी नव्हे. ते बोलले नाहीत. सगळं घडून गेल्यावर मी आईला विचारलं, का नाही सांगितलं? आई पुरण वाटत होती. ती म्हणाली, "सांगतात ते त्यानी आधीच सुट्टी मांगी लेती. मंग खत कोन टाकतं?" खत म्हणजे उकिरड्यावरचं शेणखत. पावसाआधी गाड्या भरभरून शेतात टाकायचं काम. आधी कळलं असतं तर मामानं लग्नापुरती सुट्टी मागून ठेवली असती आणि ऐन खताच्या दिवसांत गाड्या थांबल्या असत्या. त्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं, असा हिशेब.

अधिक वैशाखाच्या तिजेला आमच्या घरी जावयाचं मोठं जेवण होतं. खापरावरचे मांडे, कटाची रशी, तूप, अनारसे. ओसरीवर नवरा पाटावर बसलेला, शेजारी आबा, आणि जोशीबुवाही होते, कारण दान घ्यायला कुणीतरी लागतंच. मामा सकाळपासून खताच्या गाड्या नेत होता. दिवस कलला तेव्हा त्यानं बैल सोडले, हातपाय धुतले आणि अंगणात येऊन उभा राहिला. पश्चिमेला निंबाच्या वर कोर दिसत होती.

"तीजना चांद दिखना, मालक," तो म्हणाला. "मन्हं साल सरनं. मी घर जास."

त्याच्या घरी मांडव घातला होता. माणसं त्याची वाट पाहत असणार. तो रात्रभर चालत जाणार होता, पहाटेपर्यंत पोचला तरी त्यांच्यात चालतं, तिजेची रात्र असली म्हणजे झालं. हे तो मला आदल्या दिवशीच बोलला होता, बैलांना पाणी दाखवताना. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता.

आबा म्हणाले, "हाऊ धोंडाना महिना शे. खरी आखाजी पुढला महिनाले."

मामाला आधी वाटलं, थट्टा चाललीय. तो हसला. मग आबांचं तोंड बघून हसायचा थांबला. "आम्हना डोंगरमा धोंडा नही ऱ्हास, मालक. पोरनं लगीन शे. तुम्हीच सांगं व्हतं, आखाजीले जा."

"तेच सांगी ऱ्हायनू. आखाजीले जा. साल म्हणजे साल, आखाजीपाईन आखाजीलगुन."

जोशीबुवांनी अनारसा खाली ठेवून सांगितलं की अधिक महिन्याला मलमास म्हणतात, त्यात मंगलकार्य वर्ज्य, लग्न तर नकोच. अगदी आपुलकीनं सांगितलं, जणू मामाच्या मुलीचं भलं त्यांनाच बघायचं होतं. माझा नवरा मान खाली घालून तूप ओतून घेत होता.

मी आत वाढायचं काढत होते. मी हातातली तुपाची वाटी ठेवली आणि ओसरीवर आले. जावयासमोर, पंगत चालू असताना, बाईमाणसानं बोलायची आमच्याकडे रीत नव्हती. मला त्या क्षणी रीत आठवलीच नाही, इतका संताप आला होता.

"आबा, बारा महिना व्हई ग्यात. आते त्याले जाऊ द्या."

आईनं मागून माझा पदर ओढला. "गप ऱ्हाय. जवाई ऐकी ऱ्हायनात."

ऐकू देत, मी म्हटलं, आणि जावयालाच विचारलं. तुमची कचेरी धोंड्यात फुकट राबवून घेते का? नवरा म्हणाला, "तिथलं वर्ष वेगळं. आणि तुझ्या वडलांच्या घरात मी काय बोलणार?" हे बोलताना त्याच्या तोंडात अनारसा होता. त्या माणसाबरोबर मी पुढे सगळा जन्म काढला, वाईट नव्हता, पण तो अनारसा मी त्याला कधी माफ केला नाही.

तिथलं वर्ष वेगळं. हे मात्र खरंच होतं. आबांच्या घरात सालं किती होती! सरकारी धारा भरायचा तर इंग्रजी साल, कारण तिथे तेरावा महिना कुणी मान्य करत नाही. शहाद्याच्या मारवाडी दुकानात देणं-घेणं दिवाळीच्या सालानं. शेतीचं साल पाडव्यापासून. आणि सालदाराचं आखाजीपासून, त्यात धोंडा आला तर तो सालदाराच्या माथी. साल कुठलंही असो, पडतं घ्यायचं ते दुसऱ्यानं, असा कायदा. नातू म्हणतो एका शब्दाचे इतके अर्थ कसे झाले असतील. मी सांगते, ज्याच्या हातात पंचांग तो ठरवतो.

मामानं आणखी थोडी विनवणी केली. सकाळी परत निघतो म्हणाला. महिनाभर जास्त राबीन, लागलं तर पाऊस पडेपर्यंत. आज रात्र तेवढी द्या. एवढं साधं होतं ते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो गोठ्यात असता. पण आबांना आता जावयासमोर माघार घ्यायची नव्हती, आणि मी मध्ये तोंड घातल्यावर तर मुळीच नाही. ते म्हणाले, "पाय बाहेर टाका ते साल मोडनं समज."

साल मोडणं म्हणजे काय हे आमच्या भागात शेंबड्या पोराला कळतं. साल मोडलेल्याला सालाचं धान्य नाही, पागोटं नाही, आणि पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाच्या दारात काम नाही. सगळे शेतकरी एकमेकांना सांगून ठेवतात.

मामानं आबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग गोठ्याच्या खुंटीवरची घोंगडी खांद्यावर टाकली आणि अंगणातून बाहेर पडला. जोशीबुवा म्हणाले, "मूर्ख आहे." आबांनी त्यांना आणखी एक अनारसा वाढायला सांगितलं. मी वाढला नाही. आईनं वाढला.

मामा पोचला. धार पडली, मुलीचं लग्न लागलं. हे मला नंतर कळलं आणि तेव्हा मला वाटलं, चला, निदान एवढं तरी झालं. आता राग निवला की आबा त्याचं धान्य देतील. बारा महिने तर तो राबलाय, दुसरं काय करतील?

निज वैशाखाच्या तिजेला खरी आखाजी झाली. पंचांगातली, सोवळ्यातली. निंबाला झोका बांधला होता, गावातल्या लेकी जमल्या होत्या, मी झोक्यावर होते. तेव्हा मामा आला, बरोबर नवा जावई, दोघांच्या खांद्यावर रिकामी पोती. अंगणाच्या कडेला उभे राहिले. आबा ओसरीवर पान लावत होते. त्यांनी मान वर केली नाही. झोक्यावरचं गाणं थांबलं.

"मन्ही दादर, मालक," मामा म्हणाला.

"साल मोडनाराले दादर नही ऱ्हास."

बस, एवढंच. नव्या जावयासमोर. मामानं वाद घातला नाही. जावई तरुण पोरगा होता, त्याच्या मुठी आवळल्या, पण मामानं त्याच्या दंडाला धरून त्याला फिरवलं आणि दोघं निघून गेले. पाठीवरची पोती रिकामीच होती, पण मामा वाकून चालला होता.

मी झोक्यावरून उतरले. आबांसमोर जाऊन उभी राहिले आणि सांगितलं की त्याची दादर त्याच्या घरी पोचेपर्यंत मी या घरी आखाजीला येणार नाही. आबा हसले. म्हणाले, "माहेर कोन सोडस?" ते बरोबरच बोलत होते, कुणी सोडत नाही. आखाजीची वाट बघत बायका सासरी सगळं सोसतात. मला तो दिवस जिवापाड आवडायचा. म्हणूनच तो सोडला, कारण दुसरं काही माझं स्वतःचं नव्हतंच.

पुढच्या आखाजीला गाडी आली. नवा सालदार होता. मी विचारलं, जुन्याची दादर पोचली का? नाही म्हणाला. मी गाडी रिकामी परत पाठवली. सासूनं दोन दिवस तोंड टाकलं, नवरा म्हणाला, हे काय खूळ. त्याच्या पुढच्या आखाजीला पुन्हा गाडी, पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा रिकामी. माणूस इतका हट्टी असतो? कणगीत दादर किडत होती, घुशी खात होत्या, ती द्यायची आणि लेक घरी आणायची, एवढंच करायचं होतं. आबांनी ते केलं नाही. तेरा महिन्यांचं साल असतं या बोलण्यापायी त्यांनी मला घालवलं. आणि मीही त्यांचीच लेक, मीही गेले नाही. आई मधूनमधून नंदुरबारला येऊन भेटून जायची आणि रडायची. मला तिचीही दया येत नसे. तिनंच पुरण वाटता वाटता ते खताचं सांगितलं होतं.

मामाला पंचक्रोशीत कुणी कामावर ठेवलं नाही. तो खाली नंदुरबारात आला. मिरचीच्या दिवसांत तिथे माळावर मिरच्या वाळत घालतात, लांबच लांब पथाऱ्या, डोळ्यांना आग. सकाळी लावलेली माणसं संध्याकाळी मजुरी घेऊन जातात. तिथे तो मला दिसला. तोंडाला फडकं बांधलेलं, डोळे लाल. मी म्हटलं, मामा, हे काय करून घेतलंस?

तो म्हणाला, "आते मन्हं साल रोज सांजले सरस, बाई."

हसून म्हणाला. मला हसू आलं नाही. पन्नाशीतला माणूस, आयुष्यभर बैलांमागे चाललेला, आता मिरचीच्या धुळीत खोकत होता, आणि त्याला त्यातही बरं काय वाटत होतं तर संध्याकाळ झाली की कुणी थांब म्हणत नाही. मी त्याला घरी जेवायला बोलावलं. तो आला नाही. दोन हंगामांनंतर दिसेनासा झाला. कुणी म्हणे खांडबाऱ्याला लाकडं भरायला गेला, कुणी म्हणे खोकल्यानं गेला. खरं काय ते मला कळलं नाही.

आबा एका हिवाळ्यात गेले. तेव्हा मात्र मी माहेरी गेले. दहाव्या दिवशी ओसरीवर तेच जोशीबुवा पंचांग घेऊन बसले होते, आता दात नसलेले. माझा भाऊ पुढच्या वर्षभराचे विधी विचारून घेत होता. जोशीबुवांनी बोटं मोजत सांगितलं की दर महिन्याला एक मासिक श्राद्ध, आणि या साली मध्ये अधिक ज्येष्ठ येतो, तेव्हा मासिकं तेरा होतील.

भाऊ म्हणाला, "वर्षाची बाराच असतात ना?"

"अधिक महिन्यात जिवाला भूक लागत नाही का?" जोशीबुवा म्हणाले. "तोही महिनाच. तो कसा वगळणार? त्या महिन्याचं वेगळं द्यावं लागतं."

मी भिंतीशी बसले होते. मी विचारलं, "महाराज, ही भूक मेलेल्यालाच लागते का? जिवंत माणसाला नाही लागत?"

त्यांना आठवलं. मला त्यांच्या तोंडावर दिसलं, त्यांना सगळं आठवलं. त्यांनी पंचांग मिटलं आणि पाणी मागितलं. भाऊ मला म्हणाला, "बहीन, आते तरी राग सोडी दे. माणूस ग्या."

मी सोडला नाही. अधिक ज्येष्ठात भावानं बोलावलं, मी मुद्दाम गेले. आबांच्या नावानं पान वाढलं, मांडे केले, पिंड ठेवला. दक्षिणा म्हणून भावानं कणगीतली दादर काढली, पोतं भरलं, तोंड शिवलं आणि अंगणात आणून ठेवलं. एका जास्तीच्या महिन्याचं एक पोतं, कुणी न मागता.

मी भावाला म्हटलं, "हाई पोतं मामानं शे."

भावानं ऐकलं नाही असं दाखवलं. नव्या सालदाराला हाक मारली आणि दोघांनी मिळून ते पोतं जोशांच्या गाडीत चढवलं.